ऑक्सिमीटर घ्यायचा तर आधी डबा वाचा

दिवाळीत लातूरहून नवीन पल्स ऑक्सिमीटर (बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन किती टक्के ते बघायचं मशीन) आणला, 1,150 रुपयाला, पक्कं बिल घेऊन. दोन महिने मायला रोज लावून बघायलोय, म्हणून आता लिहायलोय. मशीन चांगलं आहे. बोट घातलं की पाच-सात सेकंदात आकडा स्थिर होतो, खाली नाडीची रेघ हलताना दिसते, आणि सरकारी दवाखान्यातल्या मशीनशी दोनदा ताडून बघितलं तर एका आकड्याचाच फरक निघाला.

एवढं ताडून बघायचं कारण एप्रिल 2021, कोरोनाची दुसरी लाट. तेव्हा मायला ताप होता, बेड कुठंच नव्हता, आणि एका दुकानातून 2,400 देऊन मशीन आणलं, ना बिल ना डब्यावर कंपनीचा पत्ता. ते 96 दाखवायचं, आम्ही निवांत. आशाताई आल्या, त्यांनी त्यांचं मशीन त्याच बोटाला लावलं तर 88! रात्री मी आमच्या मशीनमध्ये बॉलपेन घालून बघितला तर पेनाचं बी 96. माय वाचली, पण ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

मग मी हे कायदे वाचत बसलो. तेव्हा दुकानं किती वाजता बंद, कुणी फिरायचं, रेमडेसिविर इंजेक्शन कुठल्या दवाखान्याला किती, हे सगळं राज्य सरकार आणि जिल्हाधिकारी ठरवत होते, 1897 चा साथरोग कायदा (प्लेगच्या वेळचा, मूळ चारच कलमांचा) आणि 2005 चा आपत्ती व्यवस्थापन कायदा यांच्या जोरावर. पण मशीन खरं बोलतंय का हे बघायचा अधिकार 1940 च्या औषध कायद्यातून येतो, म्हणजे दिल्लीच्या औषध नियंत्रकाचा आणि राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा. 1 एप्रिल 2020 पासून सगळी वैद्यकीय उपकरणं त्या कायद्यात 'औषध' धरली गेली खरी, पण नोंदणी 30 सप्टेंबर 2021 पर्यंत ऐच्छिक होती! म्हणजे दुसरी लाट गेली तरी सक्ती नाही. किमतीचं बी तसंच, एनपीपीएनं (औषधांच्या किमतीवर लक्ष ठेवणारी केंद्राची संस्था) ऑक्सिमीटरच्या विक्रीतल्या नफ्यावर 70 टक्क्यांची मर्यादा घातली ती 20 जुलै 2021 पासून, तवर आमच्यासारख्यांनी पैसे मोजून झाले होते. तेव्हा एकीकडं मास्क नाही म्हणून दंड, आणि दुसरीकडं खोटं मशीन उघड विकलं जात होतं, हे मला अजून पटत नाही. साथ जाहीर झाली की त्या साथीत लागणाऱ्या उपकरणांची सक्तीची तपासणी त्याच दिवसापासून आपोआप लागू व्हायला पाहिजे, असं कायद्यातच लिहा ना.

आता लायसन सक्तीचं झालंय, कमी धोक्याच्या उपकरणांना ऑक्टोबर 2022 पासून आणि जास्त धोक्याच्यांना ऑक्टोबर 2023 पासून. माझ्या डब्यावर बनवणाऱ्याचा पूर्ण पत्ता, 'एमडी' (मेडिकल डिव्हाइस, म्हणजे वैद्यकीय उपकरण) अक्षरं असलेला लायसन नंबर आणि छापील किंमत, तिन्ही आहेत. दुकानदारानं न मागता डबा फोडून स्वतःच्या बोटाला लावून दाखवला, हे लै आवडलं.

घेताना पेन घालून बघा, आकडा आला तर तिथंच परत द्या. बोट गार असलं किंवा नखाला गडद नेलपॉलिश असली तर आकडा चुकतो, मायचं बोट मी आधी चोळून गरम करतो. सेल दोन लागतात, बारके वाले, अजून पहिलेच चालू आहेत. दोरी मात्र तकलादू निघाली, आठ दिवसात तुटली, मायनं तिथं काळा करगोटा बांधलाय.