बोअरच्या पाण्यावर गिझर: दीड वर्षाच्या वापरानंतर

वाघोलीला राहायला आलो आणि पहिला गिझर अडीच वर्षांत गेला. टाकीच गळायला लागली. कंपनीचा माणूस आला, उघडून पाहिलं, "पाणी जड आहे, वॉरंटीत बसत नाही" म्हणाला आणि गेला. गिझर अधूनमधून उघडून साफ करावा लागतो, हे विकताना कुणी एका शब्दानं सांगितलं नव्हतं. त्याचा राग आजही आहे. म्हणून दुसऱ्या गिझरचा अनुभव सविस्तर लिहितोय.

आमच्याकडे बोअर आणि टँकर, दोन्ही. पाणी तपासून घेतलं तर कठीणपणा (पाण्याचा जडपणा, म्हणजे त्यात विरघळलेले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार) लिटरला ५४० मिलिग्रॅम निघाला. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात २०० ही मर्यादा आहे, दुसरी सोयच नसेल तर ६००. टीडीएस मीटरच्या आकड्यावर जाऊ नका. त्यात सगळेच क्षार मोजले जातात, कठीणपणा वेगळा कळत नाही.

नवा गिझर १५ लिटरचा, आतून काचेचा लेप असलेल्या टाकीचा. आठव्या महिन्यात पाणी तापताना आतून तडतड आवाज यायला लागला आणि दोन बादल्यांना पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागू लागला. प्लंबरला बोलावलं. एमसीबी बंद केला, पाणी पूर्ण गार होऊ दिलं, टाकी रिकामी केली आणि खालची प्लेट उघडली. अर्धं घमेलं पांढरट-पिवळे पापुद्रे पडले, भिंतीचा जुना चुना सुटावा तसे. कॉईलवर बोटाच्या पेराएवढा थर. शेजारचा अ‍ॅनोड रॉड मात्र पार झिजलेला, कणीस खाऊन बुरकंडी उरावी तसा. एका टोकाला तर नुसती आतली तार दिसत होती.

हा रॉड मॅग्नेशियमचा असतो. टाकीच्या पोलादाऐवजी तो स्वतः गंजतो. तो संपला की गंज टाकीला धरतो. क्षार कॉईलला त्रास देतात, पण टाकी वाचवतो तो हा रॉड. माझा पहिला गिझर रॉड न बदलल्यानंच गेला, याबद्दल आता मला शंका नाही.

कॉईल गरम पाण्यात लिंबूसत घालून रात्रभर बुडवून ठेवली. सकाळी थर हातानं निघाला. टाकीत मात्र खरवडायला सळई घालू नका, आतला लेप फुटतो. रॉड आणि वायसर नवे बसवले. चालू करण्याआधी गरम नळाला अखंड धार येईपर्यंत पाणी भरू दिलं. कोरड्या टाकीत कॉईल जळते.

त्यानंतर थर्मोस्टॅट ७० वरून ५५ वर आणला. पाणी जितकं जास्त तापवाल तितका चुना जास्त बसतो, विशेषतः ६० च्या पुढे. गेल्या महिन्यात, म्हणजे दहा महिन्यांनी, पुन्हा उघडला तेव्हा कॉईलवर नखानं निघेल एवढाच थर होता. रॉड निम्मा शिल्लक होता, तरी बदलून टाकला.

इनलेटला फॉस्फेटच्या गोळ्यांचा फिल्टरही लावलाय. त्यानं कठीणपणा कमी होत नाही, क्षार चिकटण्याचं प्रमाण घटतं. बादलीवर पांढरे डाग अजून पडतात, डोक्याला साबणाचा फेस तितकाच कमी येतो. त्यासाठी सॉफ्टनरच हवा, आणि तो सगळ्या सोसायटीनं मिळून बसवायचा विषय आहे.

गिझरच्या बाजूला मार्करनं रॉड बदलल्याची तारीख लिहिलीय. पुढचा रॉड आणून कपाटात ठेवलाय.