बेघरांसाठी रात्रीची फेरी: छातीवर कॅमेरा की सोबत दुसरा माणूस?

स्टँडवर, रेल्वे फलाटावर, देवळाच्या पायऱ्यांवर झोपणाऱ्यांची रात्री विचारपूस करणारे छोटे गट आपल्या कोकणात आहेत. त्यांच्यापुढे हा प्रश्न बहुतेक वेळा देणगीदारामुळे येतो. त्याला काहीतरी डोळ्यांना दिसेल असं द्यायचं असतं आणि कॅमेरा दिसतो. दुसरी पद्धत जुनीच आहे: दोघांनी जायचं, एकाने बोलायचं, दुसऱ्याने वहीत नोंद करायची. आमच्या गटाने दोन्ही वापरून पाहिलं आहे. बॅटरी, मेमरी वगैरे दुकानदार सांगेलच, त्यात शिरत नाही.

आधी कॅमेऱ्याची बाजू, कारण तिच्यात तथ्य आहे. जखमा झालेल्या, भान नसलेल्या माणसाला रिक्षात बसवताना बघे जमतात. “कुठे नेताय त्याला?” असा आवाज चढतो आणि उद्या कुणी आळ घेतला तर चित्रफीत कामाला येते. ती फक्त आपल्यालाच वाचवते असंही नाही. केस-दाढी करताना कार्यकर्त्याचा हात जड झाला, कुणी त्या माणसावर खेकसलं, तर तेही तिच्यात दिसतं. त्याच्या बाजूने साक्ष द्यायला एरवी कोण असतं? हा मुद्दा मी हलका मानत नाही.

अमेरिकेतल्या रियाल्टो शहराचा दाखला यासाठी दिला जातो. तिथे २०१२-१३ मध्ये पोलिसांना कॅमेरे दिले आणि त्यांच्याविरुद्धच्या तक्रारी खूपच कमी झाल्या. पण वॉशिंग्टनमध्ये दोन हजारांहून अधिक पोलिसांना घेऊन केलेल्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तसा ठळक फरक आढळला नाही. शिवाय ते पोलीस. त्यांच्या हातात बळ आणि अटकेचा अधिकार असतो. आपण चहा आणि चादर घेऊन जातो, आणि समोरच्याने “जा” म्हटलं की उठायचं असतं.

माझ्यापुरता निकाल लागला तो लाल दिव्यामुळे. रेकॉर्डिंग सुरू असलं की तो लागतो आणि आमच्या कॅमेऱ्यातून मधूनमधून ‘पीप’ असा आवाजही यायचा. दिवसा स्टँडच्या गोंगाटात यातलं काहीच जाणवत नाही. रात्री शेवटची गाडी गेल्यावर, फलाटाच्या टोकाला, त्या दिव्याखेरीज दुसरं काही दिसत नाही. माणूस आपल्या तोंडाकडे बघतच नाही, दिव्याकडे बघत राहतो. हळूहळू गावाच्या नावापर्यंत आलेला माणूस ‘पीप’ ऐकतो आणि चादर तोंडावर ओढून घेतो. कुडाळच्या बाजूला एका आजोबांनी मला सरळ विचारलं, “ह्यां काय रे लावलंस छातीर? पोलिसातलो तू?” नाही म्हटलं, पण पुढे ते बोलले नाहीत. ज्याला आजारामुळे सतत वाटतं की कुणीतरी आपल्यावर पाळत ठेवतंय, त्याच्यासमोर तर हे यंत्र लावून बसणं मला क्रूर वाटतं.

दिव्यावर चिकटपट्टी लावा, असं सुचवणारे भेटतील. लावता येते, पण मग ते चोरून केलेलं चित्रण झालं. दिवा दिसला तर माणूस मिटतो, झाकला तर आपण त्याला फसवतो. परवानगी घेऊन मगच बटण दाबू म्हणाल, तर काही कॅमेरे बटण दाबण्याच्या आधीचे काही सेकंदही साठवून ठेवतात. म्हणजे विचारण्याआधीच चेहरा कार्डावर. यातून वाट काढलेला गट असेलही, मला ती सापडली नाही.

हे आपल्याकडे जास्त बोचतं. मुंबईत फलाटावर झोपलेल्याला कुणी ओळखत नाही. इथे स्टँडवर असलेला माणूस पुष्कळदा याच तालुक्यातला असतो. भावकीने घराबाहेर काढलेला, नाहीतर दारूपायी सगळ्यांपासून तुटलेला. त्याच्या वाडीचा व्हॉट्सॲप ग्रुप असतो आणि त्यात मुंबईतले सगळे चाकरमानीही असतात. चित्रफीत एकदा बाहेर गेली की नालासोपाऱ्यापर्यंत पोचायला किती वेळ लागतो, हे वेगळं सांगायला नको. गणपतीच्या दिवसांत गाड्या भरभरून येतात, तेव्हा असे लोक स्टँडवरून दिसेनासे होतात. ओळखीचं कुणी भेटेल ही धास्ती.

कायद्याचंही पाहा. १९५९ च्या भिक्षा प्रतिबंधक कायद्यातली बरीचशी कलमं दिल्लीपुरती तिथल्या उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रद्द केली. महाराष्ट्रात तो कायदा आहे आणि त्याखाली भीक मागणाऱ्याला वॉरंटशिवाय पकडता येतं. आपल्याच कॅमेऱ्यात कुणी हात पसरताना आला आणि चित्रफीत मागितली गेली, तर काय करणार? उलट, आपल्याला ती न्यायालयात पुरावा म्हणून द्यायची असेल तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, नुसतं कार्ड नेऊन देऊन भागत नाही.

आता वही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ चं कलम १०० सांगतं की भटकणाऱ्या, स्वतःची काळजी घेऊ न शकणाऱ्या मनोरुग्णाला संरक्षणात घेणं हे ठाणेप्रमुखाचं कर्तव्य आहे. त्याला कोठडीत ठेवायचं नाही, २४ तासांत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं. अशा वेळी ठाण्यात माझ्याकडे चित्रफीत कुणी मागितलेली नाही. किती दिवस दिसतोय, कुठे बसतो, खातो का, जखम कधीची, सोबत कोण होतं, हे विचारलं जातं. ते वहीत असतं, आणि पाहणारे दोघे असतात. रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात नेताना हीच पानं बरोबर ठेवतो.

वहीच्या पद्धतीतही अडचणी आहेत आणि मुख्य अडचण मोठी आहे: दुसरा माणूस. रात्री दहानंतर, भर पावसात, उद्या कामावर जायचं असताना तो मिळवणं कठीण जातं. वही हरवू शकते, म्हणून आम्ही पूर्ण नावं लिहीत नाही, खूण लिहितो. पावसाळ्यात शाई फुटते, तेव्हा पेन्सिल आणि प्लॅस्टिकची पिशवी. (कॅमेराही रेनकोटखाली गेला की आंधळाच.)

एका कामाला मात्र वही पुरत नाही. कोकण रेल्वेने फार लांबून आलेली माणसं इथे उतरतात आणि कधी कधी त्यांची भाषाच आपल्याला कळत नाही. तिथे त्याची संमती असेल, निदान खुणेने तरी, तर फोनवर आवाजाचा छोटा तुकडा घ्यावा आणि भाषा जाणणाऱ्या विश्वासातल्या माणसाला ऐकवावा. जिल्हा कळला की घर शोधणं पुष्कळ सोपं होतं. काम झालं की तो तुकडा पुसायचा. यासाठी छातीवर काही लावावं लागत नाही.

एकटीने फेरी करणारी कार्यकर्ती असेल, किंवा एखाद्या ठिकाणी दमदाटीचा अनुभव येत असेल, तर कॅमेरा घेऊ नका असं मी म्हणणार नाही. पण तो रिक्षात ठेवा, माणसाला हलवायची वेळ आली तरच सगळ्यांसमोर सांगून लावा, आणि कार्ड कोणाकडे राहणार, कधी पुसणार हे आधी लिहून ठेवा. बाकी फेऱ्यांसाठी देणगीदाराला विचारून बघा: कॅमेऱ्याच्या पैशात दुसऱ्या कार्यकर्त्याचं वर्षभराचं रिक्षाभाडं द्याल का? आमच्या देणगीदाराने दिलं.