विद्यापीठाची रिटेन्शन सर्विस वापरून पाहिली, ५ पैकी अडीच स्टार

लोक मोबाइलचे, बँकेचे रिव्ह्यू लिहितात, मग ज्या सर्विसमागे माझं अख्खं सेमिस्टर गेलं तिचा का नको? विद्यापीठाचं नाव लिहीत नाही, अजून तिथंच नोकरी करतेय.

तर दुसऱ्या विद्यापीठाने तुम्हाला बोलावलं की आपलं विद्यापीठ तुम्हाला थांबवायला जे काही देतं, ती ही सर्विस. आत शिरायचं तिकीट एकच, समोरच्यांचं लेखी ऑफर लेटर. तीन वर्षं मी एचओडींच्या मागे होते की माझ्यानंतर जॉइन झालेल्याचा पगार माझ्यापेक्षा जास्त कसा काय, कारण नवीन माणूस बाजारभावाने येतो आणि आम्ही जुने वार्षिक वाढीवर सरकतो, तर उत्तर ठरलेलं, बजेट नाही. लेटर दाखवलं आणि नऊ दिवसांत बजेट आलं! कुठून आलं देव जाणे.

स्पीडला पूर्ण मार्क. एचओडी, डीन, प्रोव्होस्ट (डीनच्या वरचे शैक्षणिक प्रमुख), फाइल अशी पळाली की मलाच धाप लागली. डीन स्वतः लॅबमध्ये आले, स्टुलावर बसले आणि मी नेमकं काय काम करते ते पहिल्यांदाच विचारलं, म्हणजे वरातीमागून घोडं, पण आलं तरी.

आता खरा माल. पगार ‘मॅच’ केला म्हणाले. घरी येऊन बघते तर समोरच्यांचा आकडा नऊ महिन्यांचा होता (उन्हाळ्याचा पगार त्यात धरत नाहीत) आणि आमच्यांनी उन्हाळ्याचा पगार धरून तो गाठला होता! हे नीट बघा, नाहीतर फसाल. आणि वाढ मूळ पगारात पाहिजे, कारण पुढची प्रत्येक टक्केवारी त्यावरच बसते, एकरकमी रक्कम काय, एकदा खर्च झाली की संपली. रिसर्च फंड दिला पण दोन वर्षांत वापरायचा नाहीतर परत. एक कोर्स कमी केला, तो मात्र मनापासून आवडला, त्याच वेळेत अडकलेला पेपर पूर्ण झाला. नवऱ्याच्या नोकरीबद्दल ‘बघू’. समोरच्यांनी त्याच्यासाठी पोस्ट काढायची तयारी दाखवली होती, आणि दोघंही प्राध्यापक असतील तर लोक बहुतेक वेळा यावरच शहर सोडतात, पण हे आमच्या ऑफिसला कळत नाही.

एवढी धावपळ का करतात? तर आपण हललो की बरंच काही हलतं. ग्रँट आपल्या नावावर वाटते पण एनआयएचसारख्या (अमेरिकेत आरोग्य संशोधनाला पैसे देणारी सरकारी संस्था) संस्था ती विद्यापीठाला देतात, दुसरीकडे न्यायची तर जुन्या विद्यापीठाला आधी हक्क सोडावा लागतो. सहसा सोडतात, पण ग्रँटसोबत ओव्हरहेडही, म्हणजे विद्यापीठाला खर्चापोटी मिळणारा वाटाही जातो आणि जागी नवीन माणूस आणायचा तर त्याचं स्टार्टअप पॅकेज, म्हणजे लॅब उभारायचे पैसे, वेगळं. ब्रिटनमध्ये तर आरईएफ (विद्यापीठांच्या संशोधनाची तपासणी, तिच्यावर सरकारी पैसा ठरतो) २०१४ला ३१ ऑक्टोबर २०१३ या तारखेला माणूस जिथे नोकरीला त्याच विद्यापीठाला त्याचे पेपर मोजता यायचे, म्हणून त्याआधी खेळाडूंसारखी पळवापळवी चालली. पुढच्या फेरीत, २०२१ला, जुन्या विद्यापीठालाही ते पेपर दाखवायची मुभा दिली तेव्हा पळवण्याचा फायदा जरा कमी झाला.

मी थांबले, पण खरं सांगायचं तर पॅकेजसाठी नाही. दोन पीएचडीचे विद्यार्थी अर्ध्यावर होते आणि मोठं मशीन विद्यापीठाच्या मालकीचं, ते काही उचलून नेता येत नाही. यातलं काहीच आमच्या विद्यापीठाच्या पत्रात नव्हतं, त्यांना माहीतच नव्हतं.

आणि एक स्टार इथे कापला. शेजारच्या केबिनमधली मॅडम, निम्म्या कमिट्या एकटी ओढते, घरी आजारी आई आहे म्हणून कुठे अर्जच करू शकत नाही, तिला शून्य. मला मिळालेलं तिला कळलं तेव्हा अभिनंदन केलं बिचारीने, मलाच मान वर करता येईना.

शेवटचं, सगळं लेखी घ्या. लॅबला लागून असलेली दुसरी खोली मला डीनने तोंडी दिली होती. दीड वर्षात डीनच दुसऱ्या विद्यापीठात गेले, त्यांना कुणी थांबवलं नाही वाटतं. नवीन डीनना खोलीबद्दल मेल केलाय, तीन आठवडे झाले, अजून रिप्लाय नाही.