शाळेसाठी घेतलेला प्लॅस्टिकचा सांगाडा: घ्या, पण पाय तपासून

माजी विद्यार्थ्यांनी दिलेल्या पैशातून आमच्या हायस्कूलसाठी प्लॅस्टिकचा मानवी सांगाडा घेतला. उंची ८५ सेंटिमीटर, म्हणजे मोठ्या माणसाच्या साधारण निम्मी. खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळांतले बरेच शिक्षक ‘कसा आहे?’ म्हणून विचारतायत, म्हणून लिहितो. बेळगावातल्या एका दुकानातून चार हजारांच्या आसपास पडला. बसमध्ये कंडक्टरने खोक्याच्या फटीतून कवटी बघितली आणि ‘एन्री सर इद?’ (कन्नडमध्ये ‘काय हो सर हे?’) म्हणून दोन सीट मागे सरकला, तो भाग वेगळा.

यातलं सगळ्यात चांगलं काम कवटीचं. वरची टोपी हुकाने निघते, खालचा जबडा स्प्रिंगवर उघडतो-मिटतो. जबडा एकसंध आहे हे मुलांना बोट फिरवून दाखवता येतं. आज ही गोष्ट किरकोळ वाटते, पण ग्रीक वैद्य गेलेनने तो दोन हाडांचा सांगितला होता आणि युरोपात तेराशे वर्षं तेच शिकवत होते. गेलेनची भिस्त माकडं, डुकरं, बैल असल्या जनावरांच्या चिरफाडीवर होती. पुढे इटलीतल्या पादुआच्या विद्यापीठात शरीररचना शिकवायला आंद्रियास व्हेसालियस आला, १५३७ मध्ये, वय बावीस. तोवर रीत अशी, की प्राध्यापक उंच खुर्चीत बसून गेलेन वाचणार आणि खाली न्हावी प्रेत कापणार. हा खुर्ची सोडून खाली उतरला, सुरी स्वतः हातात घेतली. १५४३ मध्ये त्याचा शरीररचनेवरचा सात भागांचा ग्रंथ स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला छापून निघाला. त्यात जबडा एकच होता. गेलेनने सात तुकड्यांचं सांगितलेलं छातीच्या मधलं हाड तीनच भागांचं होतं. आमच्या सांगाड्यात ते हाड बरगड्यांसकट एकाच साच्यातलं आहे, पण तीन भागांमधल्या रेघा नीट उठल्यात. बरगड्यांच्या जोड्या बारा, बरोबर. पुरुषाला एक बरगडी कमी असते हा तिकडचा जुना समज, त्यालाही व्हेसालियसने उत्तर दिलं होतं. आमच्या नववीच्या मुलांनी आधी सांगाड्याच्या मोजल्या, मग आपापल्या चाचपायला लागली. तास तिथेच संपला.

आता तक्रारी. हाताचे पंजे एका ठोकळ्यात ओतलेत, मनगटाची आठ हाडं वेगळी दिसतच नाहीत. खोक्यावर २०६ हाडं छापलंय, पण कानातली सहा आणि गळ्यातलं एक यात नाहीच. आणि मुख्य म्हणजे डावा पाय उजवीकडे बसवून आला होता! पायाचा अंगठा बाहेरच्या बाजूला. गुडघ्याखालचं बारीक हाड, फिब्युला, बाहेरून असायला हवं, ते आत. मागच्या बाकावरच्या एका पोरीने पहिल्यांदा ओळखलं. स्वतःचा बाहेरचा घोटा दाबत म्हणाली, ‘सर, त्याचं उलटं हाय.’

दुकानात फोन केला तर उत्तर आलं, ‘कंपनीतनंच असं येतंय सर, कंपनी कशी चुकेल?’ मला सिल्व्हियस आठवला. व्हेसालियसचा पॅरिसमधला गुरू, गेलेनचा कट्टर भक्त. प्रेतात दिसतं ते गेलेनशी जुळत नाही म्हटल्यावर तो म्हणाला, गेलेन बरोबरच आहे, त्याच्यानंतर माणसांची शरीरंच बदलली! शिष्याला वेडा म्हणायलाही त्याने कमी केलं नाही. दुकानदाराने मला वेडा म्हटलं नाही एवढंच. बदलूनही दिला नाही. खुब्याजवळचे स्क्रू काढून दोन्ही पायांची अदलाबदल आम्हीच केली, साध्या स्क्रूड्रायव्हरने काम होतं.

स्टँड हलका आहे, पंख्याच्या वाऱ्यावर सांगाडा डुलतो. १५४३ मध्येच व्हेसालियसने बाझेलमध्ये देहदंड झालेल्या याकोब कारेर नावाच्या गुन्हेगाराचा सांगाडा जोडून विद्यापीठाला दिला होता. तो अजून तिथल्या संग्रहालयात आहे. आमच्याने दहावीच्या दोन बॅचेस काढल्या तरी पैसे वसूल.

बजेट असेल तर तारेने जोडलेल्या पंजांचा मोठा सांगाडा बघा, महाग पडतो. आमच्यासारखं असेल तर हाच घ्या. मात्र पैसे देण्याआधी काउंटरवर उभा करा आणि दोन्ही अंगठे आत आहेत का बघा. सोबतचा इंग्रजी तक्ता फारच बारीक अक्षरात आहे. आम्ही मराठी नावांच्या चिठ्ठ्या करून दोऱ्याने बांधल्या, कारण डिंकाने चिकटवलेल्या पावसाळ्यात सुटतात.