दादरमधील माहिती तंत्रज्ञानाचा प्राथमिक वर्ग : एका पालकाचा अनुभव

माझी मुलगी यंदा वाणिज्य शाखेच्या प्रथम वर्षाला गेली. तिच्यासाठी आम्ही दादर पश्चिमेला, स्थानकापासून चालत सात-आठ मिनिटांवर असलेल्या एका लहान खासगी वर्गाचा प्राथमिक अभ्यासक्रम निवडला. बारा रविवार, दर वेळी दोन तास आणि शुल्क ४,५०० रुपये. पालकांना मागच्या बाकावर बसू देतात, त्यामुळे पाच तासिका मी स्वतः ऐकल्या.

एमएस-सीआयटी हा संगणक साक्षरतेचा अभ्यासक्रम झालेल्या मुलांना वर्ड-एक्सेल बऱ्यापैकी येते. येथे मात्र त्याखाली काय घडते यापासून सुरुवात होते. नुकतीच उतरवून घेतलेली फाइल नेमकी कोणत्या फोल्डरमध्ये गेली, असे शिक्षकांनी पहिल्याच दिवशी विचारले, तेव्हा दिवसभर मोबाइल हाताळणारी निम्मी मुले गोंधळली. मग लॅमिंग्टन रोडवरून, म्हणजे मुंबईतील इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाजारातून, आणलेला एक जुना संगणक उघडून रॅम आणि हार्ड डिस्क मुलांच्या हातात दिली गेली. रॅम ही पाटी आणि डिस्क ही वही, वीज गेली की पाटी पुसली जाते, एवढ्या एका वाक्यात ‘सेव्ह’ करण्याचे कारण सर्वांना उमगले.

सर्वांत उत्तम तासिका अक्षरांच्या साठवणुकीवरची होती. प्रत्येकाने नोटपॅडमध्ये रोमन लिपीत ‘मुंबई’ लिहून फाइलचा आकार पाहिला, तो भरला ६ बाइट (बाइट म्हणजे साठवणुकीचे आठ बिटांचे माप आणि बिट म्हणजे एक ० किंवा १). देवनागरीत लिहिल्यावर तोच शब्द १५ बाइटचा झाला. डोळ्यांना अक्षरे तीनच दिसत असली, तरी युनिकोडच्या, म्हणजे सर्व लिपींतील अक्षरांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणपद्धतीच्या, लेखी म, उकार, अनुस्वार, ब आणि ई असे पाच घटक आहेत आणि ते क्रमांक साठवण्याच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक घटकाला तीन बाइट लागतात, हा हिशेब मुलांनी स्वतः मांडला. डीटीपीवाल्याकडून (संगणकावर छपाईची जुळणी करणाऱ्याकडून) आलेला जुना मराठी मजकूर आपल्या संगणकावर रोमन अक्षरांचा चिवडा का दिसतो, हेही ओघाने स्पष्ट झाले : जुन्या फॉन्टमध्ये देवनागरी आकार रोमन अक्षरांच्याच जागी बसवलेले असत. (लग्नपत्रिकेच्या वेळी हे मला ठाऊक असते, तर छापखान्यात तासभर वाद घातला नसता.) ६४ जीबीचा पेन ड्राइव्ह विंडोजमध्ये साधारण ५९.६ जीबीच दाखवतो, कारण उत्पादक १००० च्या पटीत मोजतो आणि विंडोज १०२४ च्या, हा खुलासाही याच तासिकेतला.

नेटवर्कच्या भागाने मात्र निराशा केली. दोनच तासिका, त्यातही बराच वेळ ओएसआयचे, म्हणजे नेटवर्कचे काम टप्प्यांत मांडणाऱ्या आराखड्याचे, सात थर पाठ करून घेण्यात गेला. समुद्राखालून येणाऱ्या केबल आपल्या वर्सोव्याला किनाऱ्यावर चढतात, एवढे सांगितले असते, तरी ‘इंटरनेट उपग्रहावरूनच येते’ हा मुलांचा समज दूर झाला असता. आयपी पत्ता (इंटरनेटवरील उपकरणाचा क्रमांक) जुन्या पद्धतीत ३२ बिटांचा असतो, हे फळ्यावर लिहिले गेले. पण त्यामुळे सुमारे ४२९ कोटीच पत्ते तयार होतात आणि म्हणूनच १२८ बिटांच्या नव्या पद्धतीची गरज पडली, हा दुवा जोडलाच नाही. द्विमान, म्हणजे फक्त ० आणि १ च्या, संख्या इतक्या नीट शिकवणाऱ्या वर्गाकडून ही चूक अपेक्षित नव्हती. ओटीपी आणि यूपीआयच्या फसवणुकीला तर शेवटची वीस मिनिटे मिळाली, आणि या वयात बँक खाते स्वतः चालवू लागणाऱ्यांसाठी ती फारच अपुरी आहेत.

शिकवणे मराठीत असले, तरी छापील टिपणे केवळ इंग्रजीत आहेत. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना घरी ती पुन्हा उलगडावी लागतात. चोवीस मुलांमागे बारा संगणक असल्याने जो कळफलकापुढे बसतो तोच शिकतो. माझ्या मुलीने तिसऱ्या रविवारपासून शेजारणीशी एक तास आड एक अशी पाळी ठरवून घेतली. प्रवेश घेताना ही व्यवस्था वर्गाकडूनच लेखी मागून घ्यावी आणि नेटवर्कसाठी आणखी दोन रविवार मिळतील का, हेही तेव्हाच विचारावे.