बडोद्यात राहून नौका सज्ज करावी, की नौकेवरच राहायला जावे?

शिडाच्या नौकेतून लांबच्या सागरप्रवासाला निघण्याचे ज्या पती-पत्नींनी ठरवले आहे, त्यांच्यापुढे नौका विकत घेतल्यानंतर लगेच एक प्रश्न उभा राहतो, आणि नौकेच्या निवडीइतकाच तो महत्त्वाचा आहे: तयारीच्या काळात राहायचे कोठे? बडोद्यातील घर चालू ठेवून जाऊन-येऊन कामे करावीत, की घराला कुलूप लावून नौकेवरच संसार मांडावा? पुढील विवेचन ३३ ते ३८ फूट लांबीची, फायबरग्लासची, वापरलेली नौका आणि तिच्यावर दोनच माणसे असे गृहीत धरून केले आहे. पहिले लक्ष्य लक्षद्वीप किंवा मालदीव आहे असेही मानले आहे.

बडोद्याहून सर्वांत जवळचा समुद्र म्हणजे खंभातचे आखात, आणि नेमका तोच या कामाला निरुपयोगी आहे. भावनगरजवळ उधाणाच्या भरती-ओहोटीतील फरक १० मीटरांहून अधिक असतो. पाणी ओसरले की दूरवर चिखल उघडा पडतो, प्रवाह अतिशय वेगवान असतात आणि वाळूचे दांडे जागा बदलत राहतात. खाली जड कणा असलेली नौका अशा ठिकाणी कायम ठेवणे शक्य नाही. मुंबईत हाच फरक उधाणाला साधारण ४ ते ५ मीटर असतो, तर कोचीत तो एक मीटरच्या आसपासच राहतो. या आकड्यांमुळे बडोदेकरांपुढे व्यवहारात दोन जागा उरतात: मुंबई बंदरातील मूरिंग, म्हणजे समुद्रतळाशी पक्क्या केलेल्या साखळीला बांधून तरंगत ठेवलेली नौका, किंवा कोचीच्या बोलगट्टी बेटावरील मरीना, जिथे नौका धक्क्याला लागते आणि पाणी-वीज हाताशी असते. गोवा दोन्हींच्या मधे आहे व नौकाबांधणीची चांगली परंपरा तिथे आहे. पण नौकेवर राहून दीर्घकाळ काम करण्याच्या सोयींत गोवा कोचीच्या मागे आहे आणि बडोद्याहून ये-जा करण्याच्या दृष्टीने मुंबईच्या मागे, म्हणून त्याचा विचार वाटेतला मुक्काम म्हणूनच करावा.

घर कोठे ठेवायचे आणि नौका कोठे ठेवायची हे दोन वेगळे निर्णय आहेत असे वाटते, पण तसे ते नाहीत. जाऊन-येऊन काम करायचे असेल तर मुंबईला पर्याय नाही, कारण बडोदे-मुंबई अंतर जेमतेम ४०० किलोमीटर आहे आणि शुक्रवारी रात्री निघून सोमवारी सकाळी घरी परतता येते. कोचीला रेल्वेने पोहोचण्यासच एका दिवसाहून अधिक वेळ लागतो. उलट नौकेवर राहायचे असेल तर मुंबईची मूरिंग थोड्याच दिवसांत थकवते: पिण्याचे पाणी वीस-वीस लिटरच्या कॅनमधून छोट्या होडीने आणावे लागते, रात्री किनाऱ्यावरून परतायचे असल्यास पाणी शांत असावे लागते, आणि जवळून जाणाऱ्या लाँचच्या लाटांनी नौका दिवसभर डुलत राहते. तेव्हा खरी तुलना ‘बडोदे आणि मुंबई’ विरुद्ध ‘नौका आणि कोची’ अशी आहे.

घरी राहून काम करण्याच्या बाजूने सर्वांत मोठा मुद्दा बडोदे शहर हाच आहे, आणि तो बहुतेक जण विचारातच घेत नाहीत. शहरातील मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत स्टीलचे फॅब्रिकेशन, लेथ, वेल्डिंग, फायबरचे साचेकाम यांपैकी जवळपास सर्व काही एका दुचाकीच्या फेरीत होते. रसायने आणि पेट्रोरसायनांच्या कारखान्यांमुळे गंजरोधक धातूंची जाण असलेले कारागीर इथे आहेत. सौर पॅनेलची कमान, नांगराच्या साखळीची मार्गिका, पाण्याच्या टाक्या, शिडीचे कठडे ही कामे कोचीत करून घेण्यापेक्षा इथे अधिक चोख होतात, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र मागणी नोंदवताना ३१६ प्रतीचे स्टील लेखी मागावे आणि धातूचे प्रमाणपत्र पाहावे. दुकानात सहज मिळणारे ३०४ प्रतीचे स्टील दिसायला अगदी तसेच असते आणि चुंबक लावूनही दोन्हींतला फरक कळत नाही. पण ३०४ मध्ये मॉलिब्डेनम नसल्यामुळे खाऱ्या हवेत त्यावर लवकर तांबेरा चढतो आणि बारीक खड्डे पडू लागतात. मॉलिब्डेनम ओळखणाऱ्या द्रावणाचा एक थेंब हा संशय मिटवतो.

विजेचेही तसेच आहे. घरगुती वायरिंगची उघड्या तांब्याची तार नौकेवर आतून काळी पडते, म्हणून कथिलाचा मुलामा दिलेली बारीक पदरी तारच वापरावी. आणि संपूर्ण वितरण-फलक घरच्या जेवणाच्या टेबलावर, पंख्याखाली, शांतपणे जोडून, तपासून, खुणांच्या पट्ट्या लावून मग नौकेवर न्यावा. ज्याने नौकेच्या कोंदट पोटात वाकून एकेक तार जोडली आहे त्याला या सोयीचे मोल सांगावे लागत नाही. अट एकच: नौकेत काटकोन जवळपास नसतात, त्यामुळे प्रत्येक वस्तूचे माप पुठ्ठ्याचा साचा कापूनच बडोद्याला आणावे. राहिलेला किरकोळ माल मुंबईतच मिळतो. नट-बोल्ट आणि हत्यारांसाठी नागदेवी स्ट्रीट, विजेच्या सामानासाठी लोहार चाळ.

या मार्गाच्या मर्यादाही गंभीर आहेत. दोन-तीन आठवडे बंद राहिलेली नौका उघडली की पहिला अर्धा दिवस हवा खेळती करण्यात, तळातले पाणी उपसण्यात आणि बॅटरी चढवण्यात जातो. परतीच्या गाडीची वेळ मनात असल्यामुळे शेवटचा अर्धा दिवसही पूर्ण हाती येत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे काही दोष वेळ गेल्याशिवाय दिसतच नाहीत: रात्रभर थेंब-थेंब गळणारा झडपेचा सांधा, कोठेतरी गुपचूप वीज खाणारे उपकरण, दोरखंडाचा एकाच जागी होणारा घासा, वारा फिरल्यावर नांगराचे सरकणे. शनिवार-रविवारच्या मालकाला हे दोष प्रवासात, किनारा दिसेनासा झाल्यावर भेटतात. नौकेवर राहणाऱ्याला ते धक्क्यावरच भेटतात, आणि हाच नौकेवर राहण्याचा सर्वांत मोठा लाभ आहे.

घराच्या सवयी पाण्यावर किती खर्चिक असतात, हेही राहिल्याशिवाय कळत नाही. ३०० लिटरची टाकी घरी दोघांना एक दिवस पुरते. नौकेवर भांडी समुद्राच्या पाण्याने धुऊन, अंघोळ आटोपशीर करून, माणशी रोज १५ ते २० लिटरमध्ये भागवायला शिकले तर ती आठवडाभर जाते. फ्रिज उष्ण हवेत १२ व्होल्टवर दिवसाला ५० ते ७० अँपिअर-तास सहज खातो. शिसे-आम्लाची २०० अँपिअर-तासांची बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नसते, म्हणजे हाताशी १०० च राहतात. त्यांतले अर्ध्याहून अधिक फ्रिजने नेल्यावर दिवे, पंखा, दिशादर्शक यंत्रे आणि स्वयंचलित सुकाणू यांच्या वाट्याला फारच थोडे उरते. सौर पॅनेल किती वॅटचे हवे, लिथियम बॅटरीचा खर्च करावा की फ्रिजच सोडावा, हे निर्णय कागदावर करण्यापेक्षा मरीनातील विजेची तार चार आठवडे मुद्दाम काढून ठेवून करावेत. स्वयंपाकाच्या गॅसबाबत मात्र प्रयोगाला जागा नाही. तो हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाल्यास नौकेच्या तळात साचतो, म्हणून सिलिंडर स्वतंत्र कप्प्यातच असावा, आणि त्या कप्प्याच्या बुडातून हवा थेट नौकेबाहेर जावी, मग राहणे कोठेही असो.

कोचीची मरीना संसारासाठी बरी आहे. एर्नाकुलमची बाजारपेठ पाण्यापलीकडे दिसते, बेट पुलांनी जोडलेले आहे, रुग्णालये जवळ आहेत. पण धक्क्याला बांधलेल्या नौकेत वारा नीट शिरत नाही. मूरिंगवरची किंवा नांगरावरची नौका आपोआप वाऱ्याकडे तोंड करते आणि आतून हवा वाहते. धक्क्यावर तसे होत नाही, म्हणून सावलीचे मोठे छत आणि मच्छरदाण्या ही तिथली पहिली खरेदी ठरते. पावसाळ्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पडणाऱ्या पावसाने गाद्यांना बुरशी लागते आणि बाहेरचे रंगकाम पूर्ण थांबते. किनाऱ्याची वीज सतत जोडलेली असली तर शेजारच्या नौकांशी भू-तारेतून विद्युत्परिपथ तयार होऊन आपल्या जस्ताच्या वड्या (नौकेच्या पाण्याखालच्या धातूऐवजी स्वतः झिजून त्याला वाचवणाऱ्या) झपाट्याने झिजू शकतात; तो प्रवाह अडवणारे उपकरण बसवावे आणि वड्या नियमित पाहाव्यात. जागा ठरवण्यापूर्वी ओहोटीच्या वेळी स्वतः खोली मोजावी.

राहण्याची जागा हीच कामाची जागा असली की काय होते, हे नीट समजून घेतले पाहिजे. इंजिनाशी पोहोचायला जिना काढावा लागतो, पाण्याच्या पंपाशी पोहोचायला गादी, गादीवरचे सामान आणि त्याखालची फळी. आणि संध्याकाळी कुकर लावण्यापूर्वी हे सारे परत जागेवर. रेझिनची वाफ किंवा तळाच्या तांबेयुक्त रंगाची धूळ यांत झोपणे आरोग्याला घातक आहे. म्हणून तळ खरवडणे, फायबरची दुरुस्ती, तळाच्या झडपा बदलणे, डोलकाठी उतरवून तिचे तारेचे ताण बदलणे (ते दहा वर्षांहून जुने असतील तर बदलावेतच) ही जड कामे नौका गोदीत उचललेली असताना आणि मुक्काम अन्यत्र असतानाच उरकावीत. या एका बाबतीत बडोद्याचे घर निर्विवाद सरस आहे.

आता दोघांविषयी. दोन माणसांच्या नौकेवर रात्री एक जण झोपलेला असतो, याचा अर्थ दुसरा खऱ्या अर्थाने एकटा असतो. शीड कमी करणे, इंजिन चालू करणे, रेडिओच्या चॅनेल १६ वर, म्हणजे संकटात हाक देण्याच्या वाहिनीवर, बोलणे, मच्छीमारांच्या जाळ्यांतून आणि दिवा नसलेल्या होड्यांमधून वाट काढणे हे दोघांपैकी प्रत्येकाला एकट्याने जमलेच पाहिजे. २ ऑक्टोबर २०२४ रोजी गोव्याहून निघून २९ मे २०२५ रोजी परतलेल्या लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. यांनी ५६ फुटी ‘तारिणी’वरून दोघींनीच पृथ्वीप्रदक्षिणा केली, त्यामागे याच नौकेवर एकत्र घालवलेला सरावाचा प्रदीर्घ काळ होता. त्याआधी २००९-१० मध्ये एकट्याने प्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय दिलीप दोंदे हे आपल्या ‘म्हादेई’ या नौकेच्या गोव्यातील दिवाडी बेटावरील बांधणीपासूनच तिच्याशी जोडलेले होते. ये-जा करणाऱ्या जोडप्यात बहुधा यंत्रे एकाकडे आणि घर दुसऱ्याकडे अशी वाटणी होते व ती तशीच समुद्रात जाते. माझ्या दृष्टीने हा धोका वाया जाणाऱ्या वेळेपेक्षा मोठा आहे. नौकेवर राहताना महिनाभर कामांची अदलाबदल ठरवून करता येते, आणि सहवासाचा ताण सोसण्याजोगा आहे का, तेही निघण्यापूर्वी प्रामाणिकपणे कळते.

या सर्वांवरून मी दोन्ही मार्ग एकामागून एक घेण्याचा सल्ला देईन. पहिल्या वर्षी दिवाळीनंतर नौका मुंबईत ठेवावी, बडोद्याहून ये-जा करावी, हिवाळाभर बंदरात आणि अलिबागजवळच्या मांडव्यापर्यंत शीड चालवून दोषांची यादी करावी. मेच्या मध्यापूर्वी नौका गोदीत उचलावी. हा उशीर परवडणारा नाही, कारण मे-जूनमध्ये अरबी समुद्रात चक्रीवादळे येतात आणि १७ मे २०२१ चे तौक्ते मुंबईजवळूनच गुजरातकडे गेले होते. पावसाळ्याचे चार महिने मकरपुऱ्यातील कामांसाठी उत्तम. नारळी पौर्णिमेला कोळी बांधव समुद्रात उतरतात, पण शिडाच्या छोट्या नौकेने ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील वादळांचा हंगाम जाऊ द्यावा. नोव्हेंबरच्या अखेरीस नौका पाण्यात सोडून, रात्री-पहाटेचे मतलई वारे आणि दुपारचे वायव्येचे वारे धरत गोव्यामार्गे कोचीला जावे. हे सुमारे ५८० सागरी मैलांचे अंतर म्हणजेच खरी परीक्षा. त्यानंतर कोचीत दोन-अडीच महिने नौकेवर राहून उरलेली कामे, विजेचा-पाण्याचा हिशेब आणि अदलाबदलीचा सराव पूर्ण करावा, आणि फेब्रुवारीत निघावे. मालेपर्यंतचे अंतर तिथून ४०० सागरी मैलांच्या आतच आहे.

ज्यांची नौका मुळातच सुस्थितीत आहे आणि ज्यांच्यामागे बडोद्यात नोकरी किंवा वृद्ध आई-वडील नाहीत, त्यांनी पहिला टप्पा गाळून थेट कोचीला जावे. घरी आजारपण असेल तर दुसरा टप्पा लहान करावा, पण एक महिन्याहून कमी नको. बडोद्यातील घर भाड्याने द्यावे, विकू नये, निदान पहिला प्रवास पुरा होईपर्यंत. लक्षद्वीपचा प्रवेश-परवाना, देशाबाहेर जायचे तर सीमाशुल्क आणि इमिग्रेशनची मंजुरी हे कोचीतील मुक्कामाच्या पहिल्याच आठवड्यात हाती घ्यावे. आणि इरिडियम किंवा थुरायाचा उपग्रह-फोन भारतात परवानगीशिवाय बाळगणे बेकायदेशीर असल्याने तो अर्ज त्याच्याही आधी, बडोद्यात असतानाच करावा.