कॅन्सर काढल्यानंतरचा पाय: जखम कशाने झाकावी, सुजेवर कोणतं ऑपरेशन?

पायातला सार्कोमा (मांस-हाडांचा कॅन्सर) किंवा मेलानोमा (कातडीचा कॅन्सर) काढला, सोबत जांघेतल्या लसिकाग्रंथीही (लिम्फ नोडच्या गाठी) काढल्या, की दोन प्रश्न उभे राहतात. जखम कशाने झाकायची, आणि लसिकाद्रव साचून येणाऱ्या सुजेचं काय करायचं? पहिल्याचा निर्णय लवकर घ्यावा लागतो. दुसऱ्याला वेळ मिळतो, तो जरूर घ्या.

जखमेसाठी स्किन ग्राफ्ट हा छोटा मार्ग. मांडीवरची पातळ कातडी काढून लावतात. पण ती खालच्या मांसातून मिळणाऱ्या रक्तावर जगते, त्यामुळे उघड्या हाडावर धरत नाही आणि रेडिएशनमध्ये फाटण्याची भीती असते. फ्लॅप म्हणजे कातडी-मांसाचा जाड तुकडा; तो मात्र स्वतःच्या रक्तवाहिन्यांसकट येतो. गुडघ्याजवळ पोटरीचा स्नायू वळवून काम भागतं. घोट्याजवळ मांसच नसतं, म्हणून तिथे बहुधा मांडीचा तुकडा सुटा करून त्याच्या रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली जोडतात. हे कित्येक तासांचं ऑपरेशन. पुढचे दोन-तीन दिवस सारखं लक्ष ठेवावं लागतं, आणि रक्त अडलं तर पुन्हा थिएटरमध्ये न्यावं लागतं. तरीही रेडिएशन ठरलेलं असेल, तर माझं मत फ्लॅपच्या बाजूने आहे.

आता सूज. ती अचानक वाढली असेल तर आधी डॉप्लर (शिरांची सोनोग्राफी) करून शिरेत गुठळी नाही ना हे बघा, आणि कॅन्सर परतलेला नाही ना, हेही तपासून घ्या. पूर्व विदर्भात सुजलेला पाय दिसला की हत्तीरोगाचंच नाव आधी निघतं, म्हणून जांघेतल्या गाठी काढल्याचं नव्या डॉक्टरांना आवर्जून सांगा. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी ही सूज हटत नाही. शेक तर देऊच नका.

मग नडगीवर अंगठा दाबून धरा. खळगा पडला तर पायात द्रव आहे. पाय उंच ठेवून, बँडेज बांधूनही खळगा पडत नसेल आणि पाय जाडच राहत असेल, तर आत चरबी साठली आहे. ऑपरेशनची निवड मुख्यतः यावर ठरते.

द्रवाची सूज असेल आणि काही लसिकावाहिन्या अजून वाहत असतील, तर एलव्हीए (लिम्फॅटिकोव्हेनस अॅनास्टोमोसिस). एक मिलिमीटरहूनही बारीक वाहिनी शेजारच्या बारीक शिरेला जोडतात. जपानच्या इसाओ कोशिमा यांनी हे तंत्र पुढे नेलं. छेद लहान असतात आणि बऱ्याचदा फक्त जागा बधिर करून भागतं. हिरव्या रंगाचं इंजेक्शन देऊन, खास कॅमेऱ्याने वाहत्या वाहिन्या आधी शोधतात. ही तपासणी न करता कुणी तारीख देत असेल, तर दुसरं मत घ्या.

वाहिन्याच उरल्या नसतील, तर मानेतून किंवा पोटातल्या चरबीच्या पडद्यातून लसिकाग्रंथी रक्तवाहिन्यांसकट आणून पायात बसवतात. पूर्ण भूल, मोठं ऑपरेशन, आणि फरक दिसायला अनेक महिने. दुसऱ्या जांघेतून ग्रंथी घेणार असं कुणी म्हटलं, तर थांबून विचारा: चांगला पाय सुजण्याचा धोका किती?

चरबी साठलेल्या पायाला या दोन्हींचा एकट्याने फारसा उपयोग नाही. तिथे लायपोसक्शन, म्हणजे नळीने चरबी ओढून काढणं. स्वीडनमधल्या माल्मोच्या होकान ब्रोरसन यांनी दाखवलं की पाय खूप बारीक करता येतो, मात्र त्यानंतर स्टॉकिंग (दाब देणारा घट्ट मोजा) रात्रंदिवस, जन्मभर. ते जमणार नसेल तर हे ऑपरेशन करू नका, सूज परत येते.

खरं तर यातलं कुठलंच ऑपरेशन स्टॉकिंगपासून सुटकेची हमी देत नाही. म्हणून आधी काही महिने प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टकडे बँडेज, हलका मसाज आणि व्यायाम नेमाने करा. बऱ्याच जणांचं त्यावरच भागतं. भातलावणीत चिखलात उभं राहणाऱ्यांनी बोटांमधल्या चिखल्या वेळीच बऱ्या करून घ्याव्यात. पाय लाल, गरम झाला आणि थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा: अशा प्रत्येक संसर्गात उरल्यासुरल्या वाहिन्या खराब होतात, आणि एलव्हीएची संधी कमी होत जाते.